तपासणीचा अहवाल रहिवाशाच्या खाटेपर्यंत कसा पोचतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. वृद्धांच्या एका निवासी काळजी केंद्रात तुम्ही नव्याने व्यवस्थापक झाला आहात. नियामकांची तपासणी कधीही होऊ शकते. स्टाफ उशिरापर्यंत थांबून जुन्या फाइली पूर्ण करतोय, भिंतींना रंग लागतोय, आणि मालकांचं म्हणणं एवढंच की ‘एकदाचं यातून पार पडू’. या धावपळीत रहिवाशांकडे उलट दुर्लक्षच होतंय असं तुम्हाला दिसतंय. म्हणून तुम्ही विचारलंय की तपासण्यांमुळे काळजीचा दर्जा खरंच सुधारतो का, की हा सगळा देखावाच आहे?

मी आधी परिचारिका होते, मग अशाच एका केंद्राची प्रमुख झाले, आणि आता बरीच वर्षं तपासणी करणाऱ्यांच्या बाजूला आहे. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं मत असं झालंय की तपासणीच्या दिवशी फारसं काही सुधारत नसतं. निरीक्षकाने दाखवलेल्या गोष्टीमुळे कुणाच्या तरी रोजच्या कामात बदल होतो, तेव्हा काळजी सुधारते. रात्री ३ वाजता अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलायला जो कर्मचारी येतो, त्याच्या कामापर्यंत अहवाल पोचला नाही तर अहवाल कितीही कडक असला तरी फुकट. त्यामुळे ‘तपासणी चांगली की वाईट’ यापेक्षा ‘अहवाल त्या खाटेपर्यंत पोचतो कसा आणि मधेच अडतो कुठे’ हा प्रश्न तुमच्या जास्त कामाचा आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुमचे नियामक वर्षाकाठी येतात की चार वर्षांतून एकदा, न सांगता येतात की पत्र पाठवून, त्यांच्यात शुश्रूषेची जाण असलेलं कुणी असतं की सगळे कार्यालयीन अधिकारी, त्रुटी सापडल्यावर नवे प्रवेश थांबवण्याचा अधिकार त्यांना आहे की फक्त पत्र लिहिण्याचा, या सगळ्यांनी उत्तर बदलतं. आणि तुमचे मालक पैसे सोडणार आहेत का, यानेही बदलतं. माणसंच कमी असतील तर अहवालातून माणसं निर्माण होत नाहीत.

पुराव्याचं म्हणाल तर तो वाटतो तितका भक्कम नाही. बाहेरून होणाऱ्या तपासण्यांचा आरोग्यसेवेवर काय परिणाम होतो याचा कॉक्रेनने (वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणारी आंतरराष्ट्रीय संस्था) आढावा घेतला, तेव्हा २०११ मध्ये त्यांच्या निकषांत बसणारे फक्त २ अभ्यास सापडले. २०१६ मध्ये आढावा अद्ययावत केला तरी संख्या तेवढीच राहिली, आणि ते दोन्ही अभ्यास रुग्णालयांचे होते. पण यावरून ‘तपासणीचा उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढू नका. नियम सगळ्यांना एकदम लागू होतो, तुलनेला बिनतपासणीची केंद्रं उरत नाहीत, म्हणून असा अभ्यास करणंच अवघड असतं.

निवासी काळजीतलं सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे १९८६ मध्ये नर्सिंग होमच्या दर्जावर एक मोठा राष्ट्रीय अहवाल आला आणि १९८७ मध्ये त्याच्या आधाराने कायदा झाला. तोवर वृद्धांना खुर्चीला किंवा पलंगाला पट्ट्याने बांधून ठेवणं सर्रास चाले. १९८० च्या दशकात सुमारे ४० टक्के रहिवासी कधी ना कधी असे बांधलेले असत, आणि ‘पडू नये म्हणून’ हे कारण सगळ्यांना पटायचं. नव्या नियमांनी बांधण्यासाठी वैद्यकीय कारण मागितलं, सोय किंवा शिक्षा म्हणून बांधायला मनाई केली, आणि निरीक्षक प्रत्येक केंद्रात तोच प्रश्न विचारू लागले. पुढच्या दोन-अडीच दशकांत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आलं. हे सगळं श्रेय तपासणीला देता येणार नाही, प्रशिक्षण आणि चळवळही जोडीला होती. पण तपासणी इथे का लागू पडली हे बघा. बांधलेला माणूस डोळ्यांना दिसतो, व्याख्या स्पष्ट होती, ‘मग बांधायचं नाही तर करायचं काय’ याची उत्तरं उपलब्ध होती (खाली येणारा पलंग, वेळेवर शौचाला नेणं, चालण्याचा सराव), आणि प्रश्न टाळायची सोय कुणालाच नव्हती. यातलं एक जरी नसेल तरी तपासणी कागदावर घसरते.

आता निरीक्षक नेमकं काय बघतो ते सांगते, कारण तुमचा स्टाफ ज्यावर रात्री घालवतोय ते बहुतेक वेळा आम्ही सर्वांत शेवटी बघतो.

मी फाइलींच्या कपाटापासून सुरुवात करत नाही. तीन-चार रहिवासी निवडते: नुकतीच दाखल झालेली एखादी व्यक्ती, वजन घटत असलेली एखादी, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेली एखादी, आणि जिला कुणीच भेटायला येत नाही अशी एखादी. मग एकेकीचा माग काढते. दाखल करतानाच्या मूल्यमापनात काय लिहिलंय, केअर प्लॅनमध्ये त्यातलं काय उतरलं, रोजच्या नोंदीत काय दिसतं, औषधांच्या रजिस्टरमध्ये काय, आणि शेवटी ती स्वतः माझ्यासमोर कशी आहे. प्लॅनमध्ये ‘घट्टसर द्रव द्यावा, गिळायला त्रास’ असं असेल आणि समोरच्या पेल्यात साधं पाणी असेल, तर फाइल कितीही देखणी असो, तिचा उपयोग नाही. एका माणसाच्या मागावर गेलं की स्वयंपाकघर, औषधांची खोली, रात्रपाळी आणि डॉक्टरांशी संपर्क हे सगळं आपोआप तपासलं जातं.

वजनाचं एक सांगून ठेवते. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट ही धोक्याची खूण म्हणून वापरली जाते. बऱ्याच केंद्रांत वजन नियमाने घेतलेलं असतं, सुबक तक्त्यात लिहिलेलं असतं, आणि त्या तक्त्याकडे बघून कुणी काही केलेलं नसतं. माझ्या मते न घेतलेल्या वजनापेक्षा हे वाईट. न घेतलेलं वजन म्हणजे एक काम राहून गेलं, पण घेऊन दुर्लक्ष केलेलं वजन सांगतं की इथे नोंद निरीक्षकासाठी होते, रहिवाशासाठी नाही.

दुसरं म्हणजे बसून बघणं. जेवणाच्या वेळी मी कोपऱ्यात बसते. भरवणारी व्यक्ती उभी आहे की बसलेली, घास देण्याआधी काही बोलते का, दोघांना एकाच वेळी भरवतेय का, ताट समोर आल्यावर मदत यायला किती वेळ लागला. ज्यांना स्वतःबद्दल सांगता येत नाही अशा रहिवाशांसाठी इंग्लंडच्या नियामकांनी ब्रॅडफर्ड विद्यापीठाच्या डिमेन्शिया गटाच्या मदतीने निरीक्षणाची एक पद्धत बसवली आहे. दर पाच मिनिटांच्या टप्प्याने त्या व्यक्तीची मनःस्थिती, ती कशात गुंतली आहे आणि स्टाफ तिच्याशी कसा वागला याची नोंद करायची, एवढंच. एका तासात जे दिसतं ते थक्क करणारं असतं. कुणी वाईट वागत नाही, तरी एक बाई पूर्ण तासभर कुणाच्याही शब्दाशिवाय बसून असते. तिच्याजवळून अनेक जण गेलेले असतात, प्रत्येक जण कामात असतो. रोज तिथेच वावरणाऱ्यांना ते दिसायचं बंद झालेलं असतं, आणि बाहेरच्या डोळ्यांचा खरा उपयोग इथे होतो. निरीक्षक तुमच्या स्टाफपेक्षा हुशार असतो असं नाही, तो फक्त त्या दृश्याला सरावलेला नसतो.

तिसरं, वेळ. पहाटे ५ वाजता गेलं की कोण स्वतःहून जागं झालंय आणि दिवसपाळीचं काम हलकं व्हावं म्हणून कुणाला उठवून कपडे घालून बसवलंय ते कळतं. सुट्टीच्या दिवशी गेलं की खरी मनुष्यसंख्या कळते.

तपासणी फसते कशी, तेही तुम्हाला माहीत असायला हवं, कारण तुमचे मालक नकळत त्याच वाटेने चालले आहेत. अमेरिकेत तपासणी आगाऊ न कळवता करायची हा नियम आहे. तरी दोन तपासण्यांत १५ महिन्यांहून जास्त अंतर नको आणि राज्याची सरासरी १२ महिन्यांची, हेही नियमातच आहे. म्हणजे वर्ष होत आलं की अंदाज लागतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पगाराच्या नोंदींवरून रोजची मनुष्यसंख्या तपासली, तेव्हा तपासणीच्या सुमारास ती वाढलेली आणि नंतर पुन्हा उतरलेली दिसली. ऑस्ट्रेलियात ओकडेन इथल्या वृद्धांच्या केंद्रातल्या गैरवागणुकीचं प्रकरण गाजल्यावर, आधी कळवून होणाऱ्या पुनर्मान्यतेच्या तपासण्या जुलै २०१८ पासून न कळवता करायला सुरुवात झाली, ती याच कारणाने.

आकड्यांनाही पळवाट सापडते. डिमेन्शियाच्या रुग्णांना शांत ठेवण्यासाठी मनोविकारावरची औषधं देऊ नयेत म्हणून अमेरिकेत २०१२ पासून मोहीम सुरू झाली. २०११ च्या अखेरीस दीर्घकाळ राहणाऱ्यांपैकी २३.९ टक्के लोकांना ती औषधं दिली जात होती. पुढे प्रमाण बरंच उतरलं आणि बऱ्याच ठिकाणी ते खरोखर उतरलं होतं. पण ज्यांना स्किझोफ्रेनिया (ज्यावर हीच औषधं देतात असा मनोविकार) आहे त्यांना या मोजणीतून वगळलेलं होतं, आणि काही केंद्रांत म्हातारपणी अचानक स्किझोफ्रेनियाची निदानं वाढू लागली. शेवटी २०२३ मध्ये त्या निदानांचीच पडताळणी सुरू करावी लागली.

सर्वांत गंभीर अपयश मात्र ऐकून न घेण्याचं असतं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबॉर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात बौद्धिक अक्षमता असलेल्या रुग्णांचा छळ होत होता. तिथल्या एका वरिष्ठ परिचारकाने व्यवस्थापनाला आणि नियामकांनाही कळवलं होतं. त्यावर वेळेत पाऊल उचललं गेलं नाही, आणि मे २०११ मध्ये बीबीसीच्या छुप्या चित्रीकरणातून ते जगासमोर आलं. इंग्लंडमधल्याच व्हॉर्लटन हॉल या रुग्णालयात २०१९ मध्ये तसंच झालं, तेही आधी ‘चांगला’ शेरा मिळालेला असताना. याच्या उलट २०१७-१८ मध्ये बिहारमधल्या निवारागृहांचं सामाजिक लेखापरीक्षण टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ गटाने केलं. त्यांनी इमारत आणि रजिस्टरवर न थांबता तिथे राहणाऱ्या मुलामुलींशी बोलणं केलं. मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातले अत्याचार त्यातून उघडकीला आले. छळ करणारे लोक नोंदवही नीट ठेवू शकतात. रहिवाशाला एकट्याने, स्टाफच्या नजरेआड, बोलायला मिळालं का, हा माझ्या लेखी तपासणीचा पहिला निकष आहे. तुमच्याकडे निरीक्षक आले आणि कुणाशीही एकट्याने बोलायला मागितलं नाही, तर तुम्हीच जागा करून द्या.

इथवरचा मुद्दा इतकाच की दिसणाऱ्या, स्पष्ट व्याख्येच्या आणि उपाय माहीत असलेल्या गोष्टींत तपासणीचा परिणाम चांगला होतो. जे बंद दाराआड घडतं किंवा ज्याची मोजणी केंद्र स्वतःच करतं, तिथे ती एकटी पुरत नाही. आता तुम्ही काय करायचं ते बघू.

आधी जुन्या फाइली भरणं आजच थांबवा. हे नीतीचं म्हणून नाही, निव्वळ व्यवहाराचं सांगतेय. एकाच पेनाने, एकाच झोक्यात भरलेला महिन्याचा तक्ता आम्हाला ओळखू येतो. पाणी प्यायल्याच्या नोंदीत प्रत्येक आकडा २०० मिलिलिटर, कूस बदलल्याची वेळ ठोक २, ४, ६, ८, आणि त्यातल्या एका वेळी ती व्यक्ती रुग्णालयात गेलेली! रिकामा रकाना म्हणजे राहून गेलेलं एक काम किंवा राहून गेलेली एक नोंद. खोटा रकाना सापडला की तुमच्या खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो. एखादी गोष्ट खरंच घडली होती आणि लिहायची राहिली असेल, तर आजची तारीख-वेळ टाकून ‘उशिरा केलेली नोंद’ असं स्पष्ट लिहावं.

वाचलेल्या वेळात आमचंच काम तुम्ही करा. तीन रहिवाशांचा माग काढा, एका जेवणाला कोपऱ्यात बसा, एका पहाटे न सांगता जा. पडण्याच्या घटना तारखेऐवजी वेळेनुसार मांडून बघा. पुष्कळदा त्या पाळी बदलायच्या अर्ध्या तासात गोळा झालेल्या दिसतात, कारण तेव्हा सगळा स्टाफ एका खोलीत हँडओव्हर देत-घेत असतो आणि बाहेर कुणीच नसतं. तक्रारींचं रजिस्टर कोरं असेल तर खूश होऊ नका. इतकी माणसं एका छताखाली राहतात आणि कुणाचीच तक्रार नाही, याचा अर्थ बहुधा तक्रार करून उपयोग नाही असं त्यांना कळून चुकलेलं असतं.

पण खरी कसोटी अहवाल आल्यावर लागते, आणि बहुतेक केंद्रं इथेच हातातली संधी घालवतात. एक नेहमीचं उदाहरण घेऊ. अहवालात त्रुटी येते: ‘रात्रपाळीत कूस बदलल्याच्या नोंदी अपुऱ्या; दोन रहिवाशांना बेडसोर (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा).’ यावर ठरलेलं उत्तर असं असतं की सूचना फिरवली, प्रशिक्षण घेतलं, हजेरीच्या सह्या जोडल्या, नवा तक्ता छापला. पुढच्या वेळी नोंदी भरलेल्या असतात आणि बेडसोर तसेच असतात. त्रुटी नोंदींबद्दल लिहिली गेली, म्हणून नोंदीच सुधारल्या.

त्याऐवजी एक रात्र त्या मजल्यावर काढा. दोषी शोधायला नव्हे, काम कसं चालतं ते बघायला. मग दिसतं की रात्री दोघीच जणी आहेत. जड रहिवाशाला वळवायला दोघी लागतात, तेवढ्यात दुसऱ्या टोकाला बेल वाजते आणि एक निघून जाते. रहिवाशाला सरकवायला वापरायची चादर खालच्या मजल्यावर कुलपात असते आणि किल्ली दिवसपाळीच्या मुख्य परिचारिकेकडे. सगळ्यांची कूस दर दोन तासांनी बदलायची असा सरसकट नियम लावलेला असतो. त्यामुळे ज्यांची त्वचा खरोखर धोक्यात आहे आणि ज्यांना रात्रभर झोपू द्यायला हरकत नाही, त्यांच्यावर सारखाच वेळ जातो. आता उपाय सुचायला लागतात: चादरी खाटेपाशी ठेवा, त्वचेच्या धोक्यानुसार प्रत्येकाचं वेगळं वेळापत्रक करा, आणि पहाटेच्या गर्दीच्या तासांसाठी एक माणूस वाढवा. पहिल्या दोन गोष्टींना जवळजवळ खर्च नाही. तिसरीसाठी मालकांकडे जावं लागेल, आणि तिथे अहवाल तुमच्या उपयोगी पडतो. तुम्ही एरवी तोंडी मागितलेला माणूस आणि नियामकांच्या लेखी त्रुटीखाली मागितलेला माणूस, यांत फार फरक असतो. मी प्रमुख असताना तपासणीचा हाच उपयोग सर्वांत जास्त केला, आणि माझ्या मते तो अगदी रास्त आहे.

अहवालात खूप त्रुटी आल्या तर सगळ्यांवर एकदम तुटून पडू नका. अमेरिकेतली एक रीत उचलण्यासारखी आहे. तिथे प्रत्येक त्रुटी दोन बाजूंनी तोलतात: इजा किती गंभीर, आणि प्रकार एकट्यादुकट्याचा की सर्वत्र पसरलेला. त्यावरून ए ते एल अशी श्रेणी ठरते. तुमच्या नियामकांकडे अशी श्रेणी नसली तरी तुम्ही स्वतः लावू शकता. एकाच खोलीतला निखळलेला आधारदांडा आजच बसवा. सगळ्या मजल्यांवर औषधं उशिरा दिली जात असतील तर ती फेरीच्या रचनेची अडचण आहे, तिला महिना लागू द्या, पण मुळापासून बदला.

आणि प्रत्येक सुधारणेला अशी एक खूण जोडा, जी कागदाबाहेर दिसेल. ‘प्रशिक्षण पूर्ण’ ही खूण नव्हे. ‘नवा बेडसोर झाला नाही’, ‘बेल वाजल्यावर रात्री मदत यायला लागणारा वेळ कमी झाला’, ‘अमुक आजींचं वजन घटायचं थांबलं’ या खुणा. सहा आठवड्यांनी स्वतः जाऊन त्या बघा. पाठपुरावा नसलेली तपासणी स्टाफ दोन पाळ्यांत विसरतो, आणि पाठपुरावा करायला निरीक्षक येईलच याची खात्री नसते. इंग्लंडच्या नियामकांच्या कामकाजाचं २०२४ मध्ये परीक्षण झालं, तेव्हा बऱ्याच सेवांची तपासणी वर्षानुवर्षं झालेलीच नाही असं आढळलं. दारावर लावलेला शेरा इतका जुना असेल तर तो नातेवाइकांनाही काही सांगत नाही आणि तुम्हालाही.

स्टाफला काय सांगायचं, असंही तुम्ही विचारलंय. पाठ केलेली उत्तरं देऊ नका. निरीक्षकाने विचारलं आणि माहीत नसेल तर ‘मला माहीत नाही, पण अमुक ताईंना विचारून सांगते’ हे उत्तम उत्तर आहे. रात्रपाळीच्या आणि सफाईच्या लोकांनाही निरीक्षकाशी बोलू द्या, बोलल्यावर त्यांना कुणी जाब विचारणार नाही हे मालकांच्या तोंडून वदवून घ्या, आणि ते सगळ्यांसमोर.

जाण्याआधी निरीक्षक तोंडी निष्कर्ष सांगतात, त्या बैठकीला वही घेऊन बसा. प्रत्येक त्रुटीला विचारा: कोणाच्या बाबतीत दिसलं, किती वाजता, कुठे. नियमाचा क्रमांक नंतर अहवालात मिळतोच, पण ही माहिती पुष्कळदा त्या खोलीतच राहून जाते आणि दुरुस्तीसाठी तीच लागते. मसुदा आल्यावर तथ्यांत चूक असेल तर दिलेल्या मुदतीत पुराव्यासह कळवा. शेऱ्याच्या शब्दांवर मात्र पत्रव्यवहार वाढवत बसू नका, ते तास रात्रपाळीला द्या.